विंचवाचा पाण्यातला भाऊ

उभा जन्म मी या गावाला थापा मारत आलो आणि या गावानं त्या तूप लावून खाल्ल्या. माझ्या तरुणपणी गोदावरीच्या पुरात बैलगाडीच्या चाकाएवढा खेकडा वाहत आलता, त्याच्या पाठीवर बसून मी पलीकडच्या काठाला एका वरातीत गेलतो, हे मी सांगितलं तेव्हा एकानंही विचारलं नाही, की मिस्त्री, लगाम कुठं बांधला होता? विचारलं ते एवढंच, की वरातीत जेवायला काय होतं. पुढं एकदा लाइट नसताना विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये विंचू शिरला, त्यानं आत नांगी मारली आणि मोटार आपोआप चालू होऊन रात्रभर ज्वारी भिजली, हेही सांगितलं. माझं रोजचं गिऱ्हाईक आदिनाथ, त्याच्या बापानं ती गोष्ट स्वतःच्या जावयाला डोळ्यांनी बघितली म्हणून सांगितली.

आणि यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, मी चारचौघांत उभा राहून अक्षर न् अक्षर खरं बोललो, तर हेच गाव पोट धरून हसलं. माझा राग अजून उतरलेला नाही. आधीच सांगून ठेवतो.

मी युसूफ. सगळे मिस्त्री म्हणतात. तलवाड्याच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर माझं पत्र्याचं दुकान आहे, फवारणीचे पंप दुरुस्त करायचं. गावाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर पत्रे काढून नेतील. कापसावर फवारणी सुरू झाली की अख्खं गाव माझ्या दारात. कुणाचं नोझल तुंबलंय, कुणाचा वॉशर गेलाय, कुणाच्या चार्जिंगच्या पंपाची बॅटरी उंदरानं खाल्लीय. काम होईस्तोवर माणूस बाकड्यावर बसतो, आणि बसलेल्या माणसाला मोकळं सोडणं मला पटत नाही. म्हणून गोष्टी.

दुकानामागं उतार आहे आणि उताराखाली ओढ्यातला डोह. उन्हाळ्यातसुद्धा आटत नाही. हा डोह साखराबाईचा. सातबाऱ्यावर नव्हे, हातावर. साखराबाईनं जन्म ऊस तोडण्यात घालवला. दिवाळी झाली की टोळीबरोबर कोयता घेऊन जायचं, पाडव्याच्या पुढं-मागं परत यायचं. तीन वर्षांमागं मोळी उचलताना उजवं मनगट असं पिरगळलं, की आता त्या हातात कोयता धरला तर दुपारपर्यंत सुजून वांगं होतो. नवरा आधीच गेलेला. मग बाईनं खेकडे धरायला सुरुवात केली. बारीक काडीला गांडूळ बांधायचं, काठावरच्या बिळात सरकवायचं, खेकड्यानं चिमटा लावला की हळूच ओढायचं. डाव्या हातानं. बाजारात तिची पाटी दुपारच्या आत रिकामी होते. बाळंतिणीला, खोकल्याच्या माणसाला, हाड मोडलेल्याला तिचेच खेकडे लागतात. आणि तिचा एक नेम आहे. खेकडी उलटी करून बघायची. पोटाखालच्या पडद्यात अंडी किंवा पिल्लं असली, की परत पाण्यात. कितीही गिऱ्हाईक खोळंबलं तरी.

मी एकदा म्हणालो, "साखराबाई, ती पिल्लं मोठी होऊन तुमालाच चावतील."

"चावू द्या. तुमच्या गोष्टी चावतात त्याच्यापेक्षा कमीच चावतील."

असं आमचं चालायचं.

आता खांदमळणीचं सांगतो, कारण सगळी मेख तिथं आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना डोहावर नेऊन धुवायचं आणि मग त्यांचे खांदे हळद-तुपानं मळायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. आता गावात बैल राहिलेत बोटावर मोजण्याएवढे. पण रीत मोडायची कशी? म्हणून लोक जे आहे ते डोहावर नेतात. ट्रॅक्टर नेतात, मोटारसायकल नेतात, आणि पोळ्याला फवारणी बंद म्हणून पाठीवरचे पंप नेतात. टाकी उघडायची, तळातलं उरलेलं औषध पाण्यात ओतायचं, खळखळून धुवायचं, वर हळदीचं बोट लावायचं. सगळ्या गावानं एका दिवशी. यंदा बद्रीनाथच्या औषधाच्या दुकानात निळ्या डब्याचं नवीन औषध आलतं. कापसाची कीड म्हणे वास घेऊनच मरते. झाडून सगळ्यांनी तेच मारलं होतं.

पोळ्याच्या सकाळी साखराबाई ओरडतच उतार चढून आली. "मिस्त्री, चला. आधी चला."

मी गेलो. बघितलं आणि खाली बसलो. खेकडे पाण्यातून बाहेर येऊन काठावर उताणे पडले होते. पाय आखडत होते, सोडत होते, जसं कुणी अदृश्य धागा ओढतोय. झिंगे पांढरे पडून कडेला साचलेले, फोडणीतल्या लसणासारखे. पाण्यावर घसरत पळणारे ते लांबटांगे किडे, ज्यांना बघत आमची पोरं मोठी झाली, ते सगळे बुडून मेलेले. आणि मधोमध, त्या सगळ्याच्या खालून, मासे मजेत फिरत होते. मी डोळे चोळले. एकही मासा उलटा नाही.

"मासळी जिती कशी?" मी म्हणालो.

"तेच तर इचारते. माझंच तेवढं कावून मेलं?" साखराबाईनं एक खेकडा उचलला, उलटा केला, पोटाखाली बघितलं. पिल्लं होती. मोहरीएवढी. तिनं ती खेकडी सवयीनं पाण्यात सोडली. ती दगडासारखी खाली गेली. 

मी अंबाजोगाईला फोन लावला. माझी नात उज्मा, मुलीची मुलगी, तिथं कॉलेजात प्राण्यांचंच शिकते. एमएस्सी.

"नाना, हे खरं सांगताय का गोष्ट आहे?"

बघा! सख्खी नात!

"तुझ्या नानीच्या कबरीची शपथ."

"मागच्या वेळी तीच शपथ घेऊन तुम्ही उडणारी गोम सांगितली होती."

"बेटा, साखराबाई बाजूला उभी हाय. तिला देऊ का फोन?"

तेव्हा कुठं ती सरळ झाली. तिनं खोदून खोदून विचारलं. मासे जिवंत आहेत का, झिंगे मेले का, पाण्यावरचे किडे गेले का. मग म्हणाली, "नाना, मेलेत ते सगळे एकाच घराण्यातले आहेत. संधिपाद म्हणतात त्यांना. पायांना सांधे, हाडं आत नाहीत, बाहेरून कवच, वाढायचं झालं की कात टाकायची. खेकडा, झिंगा, विंचू, गोम, कोळी, मुंगी, कापसावरची कीड, सगळे त्यातलेच. माशाला आत काटा असतो, तो वेगळ्या घरचा. किडीचं औषध किडीच्या नसांवर जातं. खेकड्याच्या नसा तशाच, म्हणून तोही मरतो. मासा हे औषध बऱ्यापैकी सोसतो. सगळी औषधं सोसतो असं नाही."

"मग काठावरच्या दगडाखाली विंचू हायेत, ते कसे जिते?" मी विचारलं. कारण मी दगड उलटून बघितलं होतं. काळा, धष्टपुष्ट, माझ्यावरच नांगी उगारत होता.

"कारण तो जमिनीवर राहतो. पोटाखाली त्याची फुप्फुसं असतात, वहीच्या पानांसारखी, तो हवा घेतो. अंगाला मेणाचा पातळ हात असतो, आतलं पाणी उन्हात उडू नये म्हणून. पाणी पीत नाही म्हणलं तरी चालेल, भक्ष्यातूनच काढतो. खेकड्याचं उलटं. त्याला कल्ले. डोहाचं पाणी दिवसभर त्या कल्ल्यांवरून फिरवायचं तेव्हा श्वास. म्हणजे पाण्यात जे कालवाल ते प्रत्येक श्वासाला त्याच्या रक्तात. भाऊच आहेत दोघं, नाना. एकानं माळ धरला, एकानं पाणी."

हे मला इतकं आवडलं, की मला वाटलं हे मीच रचायला पाहिजे होतं.

पण गावानं तोवर वेगळंच रचलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सरपंच त्रिंबकनं पारावर बैठक बोलावली. डोहावर बैल पाणी पितात, पाणी बाटलं, कुणी बाटवलं? बद्रीनाथ उठला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, ग्रामपंचायतीचा सदस्य, आणि आवाज असा, की औषधाच्या डब्यावरचा मजकूर वाचून दाखवतोय.

"डोहावर रोज कोण असतं? साखराबाई. मासे-खेकडे झटपट धरायला लोक पाण्यात विष टाकतात, हे नवीन न्हाई. बाईचा हात चालत न्हाई. हातानं होईना म्हणून विषानं केलं."

साखराबाई खाली बसली होती, ती ताडकन उठली. "माझ्या पाटीत मेलेला खेकडा कुनी बघितला का कधी? बाजारात खेकडा चालत न्हाई दिसला तर कुत्रं बी घेत न्हाई! मी मारून करू काय, लोणचं घालू?"

"डाव चुकला असंल," कुणीतरी मागून म्हणालं.

मी उठलो. "डाव बिव काही न्हाई. खांदमळणीला सगळ्यांनी डोहात पंप धुतले. त्यातल्या औषधानं मेले."

सरपंच त्रिंबकनं सगळ्यांवर नजर फिरवली. "धुतले का रे कुणी डोहात?"

आणि काय सांगू तुम्हाला!  एक म्हणाला, मी घरी हौदावर धुतला. दुसरा म्हणाला, माझा तर शेतातच धुतला जातो. तिसऱ्याचा यंदा धुतलाच नव्हता. बद्रीनाथ म्हणाला, कृषी खात्यानं सांगितलंय ओढ्यात धुवू नका म्हणून, आमी कसं धुवू? आदिनाथच्या पंपावर अजून हळदीचं बोट होतं, तो पारावरच घेऊन आलता, बसायला. त्यानंही मान हलवली. खोटं बोलणं हा माझा धंदा. आयुष्य घातलंय मी त्यात, कसब आहे ते. आणि हे कालचे लोक, ना मेहनत, ना अभ्यास, एका बाईच्या पोटावर पाय देऊन माझ्या डोळ्यांदेखत माझ्याच धंद्यात उतरले! तेही इतकं वाईट खोटं, की मला लाज वाटली.

"आणि मिस्त्री," बद्रीनाथ हसून म्हणाला, "समजा धुतले. तरी डब्यावर काय लिव्हलंय? कीटकनाशक. खेकडा कीटक हाय का? खेकडा पाण्यातला जीव. माशाचा सोबती. किड्याचं औषध त्याला कावून मारंल?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांचं शास्त्र सोपं होतं. पाण्यात राहतो तो माशाच्या जातीचा, जमिनीवर सरपटतो तो किडा. विंचू किडा, खेकडा जेवण.

"खेकडा माशाचा कुनी लागत न्हाई," मी म्हणालो. "खेकडा विंचवाचा भाऊ हाय."

झालं. पहिलं हसू तिथं फुटलं.

मी वॉशरच्या डबीत पुरावा आणला होता. एका कापडात खेकड्याची टाकलेली कात, दुसऱ्यात विंचवाची. दोन्ही पोकळ, दोन्ही सांध्यासांध्यांची, दोन्हींना पुढं चिमटे. पारावर मांडली. "हे बघा. दोघंबी कात टाकतात. दोघांना हाड न्हाई."

"सापबी कात टाकतो," आदिनाथ म्हणाला. "मग साप खेकड्याचा मामा का, मिस्त्री?"

"साप कातडं टाकतो बे! त्याच्या आत हाडं असतात. खेकडा खाताना तुझ्या दाताखाली कधी हाड आलं का? कवच फोडलं की नुसतं मास. विंचू बी तसाच."

"तुमी विंचू खाऊन बघितला म्हणा की!"

"खाल्ला असंल," दुसरा म्हणाला. "त्या चाकाएवढ्या खेकड्याबरोबर तोंडी लावायला!"

"त्या स्टार्टरमधल्या विंचवाला बोलवा, साक्षीला!" मागून तिसरा ओरडला.

पोरं मोबाइल काढून माझं शूटिंग करायला लागली. मी कल्ल्यांचं सांगितलं, फुप्फुसांचं सांगितलं. विंचवीण पिल्लं पाठीवर घेते आणि खेकडी पोटाखाली, हे सांगितलं. मासे जिवंत का राहिले ते सांगितलं. जितकं खरं बोललो तितके ते जास्त हसले. म्हातारी माणसं डोळे पुसत होती. सरपंचाला हसताना खोकला लागला, त्याला पाणी द्यावं लागलं. आणि त्या हसण्यातच, जाता जाता, निकाल लागला. साखराबाईनं यापुढं डोहावर पाऊल ठेवायचं नाही. ठेवलं तर पोलिसात.

घरी जाताना ती माझ्यापुढं चालत होती. मी म्हणालो, "साखराबाई, मी खरं तेच..."

ती वळली. "तुमाला कुनी सांगितलं होतं उठायला? तुमच्या तोंडून निघालं की खरं बी खोटं होतं, मिस्त्री. तुमी गप बसला असता तर एखाद्यानं तरी माझं ऐकलं असतं. आता दिवाळीला टोळीचा मुकादम येईल. मी कोयता या हातात धरू?" तिनं ते मनगट माझ्यापुढं केलं. वाकडंच बसलेलं. "का तुमच्या विंचवाच्या हातात देऊ?"

ती गेली. मी रस्त्यात उभा. वय झालंय, कुणी एवढं स्पष्ट बोललं नव्हतं मला. आणि राग तिचा आला नाही. राग आला त्या हसणाऱ्या तोंडांचा. मी ठरवलं, या लोकांना खरं पचत नसेल तर त्यांना त्यांच्या रोजच्या आहारावर आणायचं.

दुसऱ्या दिवशी आदिनाथ दुकानात आला, नोझल साफ करायला. आदिनाथला काही सांगणं म्हणजे गावाला सांगणं. मी त्याचा पंप उघडला, आत वाकून बघितलं, आणि हळूच परत झाकण लावलं.

"काय झालं?"

"काही न्हाई. घेऊन जा."

"मिस्त्री, सांगा की."

"तू घरी धुतलास ना? मग तुला काय भ्यायचं कारण न्हाई."

"तरी पण!"

मी रस्त्याकडं बघितलं, दार लोटलं. "डोहात खेकडे मेले, त्यांच्या पाठीचा चुना पाण्यात उतरला. तो चुना आणि ते निळ्या डब्याचं औषध एकत्र आलं की त्याची खळ होते. ज्यानं ज्यानं डोहात पंप धुतला त्याच्या नळीत ती खळ बसली. दिसत न्हाई. पण रबर खाते आतून. पुढच्या फवारणीला दाब आला की टाकी पाठीवरच फुटणार. औषध पाठीवरून खाली येणार." मी थांबलो. "आणि खाली कुठं जाऊन बसतं, ते मी या वयात तुला काय सांगू. गेवराईकडं एकाचं झालंय म्हणतात. बायको माहेरी गेली."

आदिनाथचा चेहरा बघण्यासारखा झाला. "इलाज?"

"लिंबाच्या पाण्यानं नळी उकळायची आन् वॉशर बदलायचा. पण डोहात धुतला असंल तरच. घरच्या हौदावर धुतलेल्या पंपाला इलाज केला तर उलट खराब होतो. म्हणून मी आधी इचारतो."

यात एक शब्द खरा असला तर माझी जीभ झडो.

मग मी साखराबाईच्या घरी गेलो.  मी म्हणालो, "उद्या सकाळी पाटी घेऊन माझ्या बाकड्यावर येऊन बसा. काही बोलू नका. नुसतं बसा."

"आता कोणती गोष्ट?"

"या वेळी गोष्ट मी सांगणार न्हाई. तेच सांगतील."

ती आली. रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसली. आणि दिवस वर यायच्या आत रांग लागली. खांद्यावर पंप, हातात पंप, सायकलला अडकवलेले पंप. काहींनी पोत्यात घालून आणले, चोरीचा माल असल्यासारखे. मी स्टूलवर बसून एकेकाला विचारत होतो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"कुठं धुतला?"

पहिला साखराबाईकडं बघून घुटमळला. "घरी."

"मग न्या परत. त्याला काय होत न्हाई. पुढचा."

"अहो थांबा, थांबा! डोहात."

"काय? जरा मोठ्यानं बोला, पत्र्याचा आवाज होतो."

"डोहात धुतला, डोहात!"

मागं एक म्हणाला हा पंप माझा नाही, शेजाऱ्याचा आहे. शेजारी त्याच्या मागंच उभा होता. त्यानं मागूनच कान धरला. पारावर ज्याचा पंप यंदा धुतलाच नव्हता, त्याचाही डोहात धुतला होता. ज्याचा शेतात धुतला जातो, त्याचं शेत डोहाला लागून, म्हणजे डोहातच. बद्रीनाथ स्वतः आला नव्हता. त्यानं भाड्यानं द्यायचे पंप गड्याबरोबर पाठवले होते, आणि गडी साधा माणूस, मी विचारायच्या आधीच म्हणाला, "मालकांनी सांगितलंय, सगळे डोहात धुतलेत, नीट बघा."

साखराबाई गप्प बसून होती. तिच्याकडं न बघता प्रत्येक जण आपला पंप तिच्या पायाशी ठेवत होता. पंपांचा ढीग झाला.

शेवटी सरपंच त्रिंबक आला. डोक्याला टॉवेल गुंडाळून, मागच्या वाटेनं.

"मिस्त्री, जरा एवढं..."

"कुठं धुतला, सरपंच?"

त्यानं ढीग बघितला. मग बाकड्यावरची बाई बघितली. मग परत ढीग. टॉवेल काढून मान पुसली. "डोहात," तो म्हणाला.

तेव्हा साखराबाई बोलली. "सरपंच, विष तर मी टाकलं होतं. ते तुमच्या टाकीत कसं गेलं?"

 सरपंचानं टॉवेल खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "बाई, डोह तुमाला मोकळा." आणि पंप तिथंच ठेवून निघून गेला.

चुकलं, हे एकानंही म्हटलं नाही. लिहून ठेवा. बद्रीनाथ तर संध्याकाळी दुकानात बसून सांगत होता, खेकडे मेले ते खळीमुळं. खेकडा किडा नाहीच. खळ! माझी खळ! मी रचलेली, माझ्या तोंडची, आणि तोच मला ती समजावून सांगायला लागला.

डोह मोकळा झाला, पण डोहात होतं काय? साखराबाई चार दिवस काडी घेऊन जात होती आणि रिकामी येत होती. मुकादमाचा निरोप येऊन गेला होता. सुट्टीला उज्मा आली तेव्हा मी तिला घेऊन साखराबाईबरोबर डोहावर गेलो.

"मोकळा डोह काय चाटायचा?" साखराबाई म्हणाली. "पोरी, तुझा नाना जिंकला, मी हारले. दिवाळीला जाते मी टोळीबरोबर."

उज्मा पाण्याकडं बघतच नव्हती. ती काठाची माती बघत होती, वर, जिथं मुरमाड दरड सुरू होते तिथं. "मावशी, ही वरची बिळं बघितली का?"

"तिथं पाणी कुठं हाय? खेकडा पाण्यात असतो."

"सगळा वेळ नसतो. आपल्याकडचा खेकडा अर्धा जमिनीचा होऊन बसलाय. कल्ले ओले राहिले की तो हवेतसुद्धा बराच वेळ काढतो. कात टाकायची असली की वरच्या ओल्या बिळात जाऊन बसतो, तोंडाला चिखल लावून. नवं कवच मऊ असतं ना, कुणी खाऊ नये म्हणून. काहीजण तर टाकलेली कातच खातात, त्यातला चुना परत अंगात यायला. खांदमळणीच्या दिवशी जे बिळात होते, त्यांच्या कल्ल्यांवरून डोहाचं पाणी गेलंच नसेल."

"हे बी तुझ्या नानाकडूनच शिकलीस का?" साखराबाई म्हणाली. पण ती गुडघ्यावर बसली. बाही वर केली, डावा हात कोपरापर्यंत बिळात घातला. चाचपडली. आणि एकदम इतक्या जोरानं किंचाळली, की दरडीवरची टिटवी उडाली.

"चावलं! मेलं चावलं! जितं हाय!"

तिनं हात ओढून काढला तर बोटाला खेकडी लटकलेली. रक्त येत होतं आणि बाई हसत होती. तशीच, बोट न सोडवता, तिनं ती उलटी केली आणि पडदा उचलून बघितला. पिल्लं होती, हलत होती.

"एवढ्यासाठी चावलीस व्हय गं," ती म्हणाली, आणि तिला हळूच परत बिळाच्या तोंडाशी ठेवलं. मग पुढच्या बिळाकडं सरकली. त्या दिवशी पाटी भरली नाही, तळही झाकला नाही. पण मुकादमाला नाही म्हणण्यापुरते खेकडे त्या दरडीत आहेत, हे तिनं संध्याकाळपर्यंत एकेका बिळात हात घालून पाहून घेतलं. या दिवाळीला टोळी तिच्याशिवाय गेली.

डोहात आता कुणी पंप धुवत नाही. कारण विचाराल तर खळ. खेकडा आणि विंचू भाऊ आहेत, यावर अजूनही एक माणूस विश्वास ठेवत नाही. माझी तळपायाची आग मस्तकाला जाते.

आणि त्या दिवशीचं शेवटचं राहिलं. साखराबाई एका बिळापाशी थांबली आणि मला म्हणाली, "मिस्त्री, लई खरं बोलायला लागलात ना? मग ह्या बिळात तुमी हात घाला."

मी वाकून बघितलं. तोंडाशी माती ओली, गोळ्या गोळ्यांची. कोरडं बीळ विंचवाचं, ओलं खेकड्याचं, एवढं आता मला पक्कं माहीत. "खेकडा हाय," मी म्हणालो.

"मग घाला की."

नात बघत होती. मी हात घातला. आत जे होतं त्यानं माझा अंगठा असा धरला, की मला माझ्या नानीच्या नानीचं नाव आठवलं. ओढून काढला. खेकडाच होता, चांगला तळहाताएवढा, काळपट निळा, दोन माणसांनी डोळ्यांनी बघितलेला.

दुसऱ्या दिवशी अंगठ्याला पट्टी बांधून मी दुकान उघडलं. आदिनाथ आला.

"काय झालं, मिस्त्री?"

"खेकडा चावला."

त्यानं पट्टीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, डोळा मारला आणि गेला. दुपारपर्यंत सगळ्या गावाला माहीत होतं, की मिस्त्रीला विंचू चावला.